तिरप्या उजेडातली घागर : घरात जपलेल्या वस्तूंच्या छायाचित्रांचे एक वाचन

१

मराठी घरात एखादी वस्तू जपली जाते, म्हणजे बहुतेक वेळा ती नजरेआड जाते. वापरातला तांब्या रोज दिसतो. जपलेला तांब्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला असतो. तो पुन्हा उजेडात येतो तो साधारण दोन प्रसंगी. एक म्हणजे वाटणी, घर पाडणे, भांडी मोडीत देणे यांपैकी काही निघते तेव्हा. आणि दुसरा, कुणाला तरी त्याचा फोटो काढावासा वाटतो तेव्हा. आता हे दोन प्रसंग पुष्कळदा एकाच दिवशी येतात. वस्तू हातावेगळी करण्याआधी तिचा फोटो काढून ठेवायचा, ही घराघरांतली रीत झाली आहे. वस्तू जाते आणि फोटो उरतो. म्हणून तो फोटो कसा काढला गेला, याला महत्त्व आहे. तो ज्या उजेडात काढला, त्या उजेडाला जेवढे दिसले तेवढेच पुढच्या पिढीच्या हाती लागणार आहे.

माणसांच्या छायाचित्रांविषयी आपण बरेच बोलतो. घरगुती वस्तूंच्या छायाचित्रांकडे मात्र हौस म्हणून पाहून सोडून देतो. प्रस्तुत लेखात मी या हौसेकडे समीक्षेच्या नजरेने पाहणार आहे. टेंभुर्णी आणि आसपासच्या घरांत गेल्या काही वर्षांत मी असे फोटो आवडीने पाहत आलो आहे. समई, परात, घागर, देवघरातले टाक, अडकित्ते, इरकली लुगडी, जाती. फोटो काढणारी बहुधा घरातली तरुण मुले-मुली, साधन हातातला मोबाइल, आणि ज्याला ती ‘क्रिएटिव्ह लायटिंग’ म्हणतात ती कल्पक प्रकाशयोजना. या योजनेचे मला दोन प्रकार दिसतात. एक उजेड वस्तूला सजवतो. दुसरा उजेड वस्तूला वाचतो. कल्पकता दोन्हींत आहे, पण आपण बहुतेक सगळी हौस पहिल्या प्रकारावर खर्च करतो आणि दुसरा प्रकार कल्पक आहे हेच विसरतो, असे माझे म्हणणे आहे.

२

घरातल्या मौल्यवान वस्तूंचा फोटो ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक सहा भागांत प्रसिद्ध केले. त्यातल्या २४ छायाचित्रांपैकी तिसरे आहे चिनी मातीच्या भांड्यांचे. फळ्यांवर ओळीने मांडलेले कप, किटल्या, फुलदाण्या. सोबतच्या मजकुरात टॅल्बट सौंदर्याविषयी फारसे बोलत नाही. तो म्हणतो ते साधारण असे : संग्राहकाची सगळी मालमत्ता लेखी यादी करण्यास लागेल त्याहून कमी वेळात अशी कागदावर उतरवता येते, आणि उद्या एखाद्या चोराने ही भांडी पळवलीच, तर हे मुके चित्र न्यायालयात साक्ष देऊ शकेल. म्हणजे वस्तूच्या छायाचित्राचा पहिला युक्तिवाद मालकीचा आणि पुराव्याचा होता.

याच पुस्तकात ‘ग्रंथालयातले दृश्य’ अशा शीर्षकाचे एक छायाचित्र आहे. ते ग्रंथालयात काढलेले नाही. त्या काळच्या कागदाला पुरेसा उजेड घराच्या आत मिळत नसे. म्हणून पुस्तकांची फळी बाहेर उन्हात मांडून फोटो घेतला गेला. घराच्या आतले म्हणून दाखवलेले दृश्य मुळात अंगणातल्या उन्हाचे आहे. प्रकाशयोजनेतली ही पहिल्या काही लबाड्यांपैकी एक, आणि निरुपद्रवी. पण तिने एक प्रश्न कायमचा उभा केला : वस्तू जिथे राहते तिथला उजेड आणि फोटोतला उजेड यांचे नाते काय?

आपल्याकडे हे माध्यम उशिरा आले असे नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. तरीही घरातल्या वस्तूने कॅमेऱ्यासमोर एकटीने बसावे, हे फार नंतर घडले. स्टुडिओतल्या फोटोंत वस्तू असे ती माणसाच्या बाजूला : टेबलावरची फुलदाणी, हातातले पुस्तक. वस्तूच्या स्वतंत्र फोटोची गरज कायद्यानेही निर्माण केली. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा कायदा १९७६ मध्ये अमलात आला. त्याखाली ठरावीक प्रकारच्या जुन्या वस्तूंची नोंदणी करताना अर्जासोबत छायाचित्रे द्यावी लागतात. टॅल्बटच्या चिनी भांड्यांचा युक्तिवादच हा. मात्र आपल्या घागरी-पराती या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाहीत. त्यांचा पुरावा घरानेच ठेवायचा असतो.

३

आता सजवणारा उजेड पाहू. त्याची कृती एव्हाना सर्वांना पाठ आहे. मागे काळी ओढणी, खोलीतले दिवे बंद, एका बाजूने मोबाइलची बॅटरी, मागून अगरबत्तीचा धूर, हौस जास्त असेल तर रंगीत एलईडीची पट्टी आणि भांड्यावर पाण्याचा बारीक फवारा. फोटोआधी भांडे चिंच आणि राख लावून लखलखीत घासलेले. परिणाम निश्चित असतो : अंधारातून उगवलेली, एका कडेने सोनेरी झालेली, कुणाचीही नसलेली एक वस्तू.

‘कुणाचीही नसलेली’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. असे दहा फोटो शेजारी ठेवले तर ती दहा घरे वेगळी ओळखता येत नाहीत. पुणे–सोलापूर महामार्गावर आमच्या गावाच्या अलीकडे-पलीकडे जी नवी हॉटेले झाली आहेत, त्यांच्या भिंतींवर जुने हंडे, कंदील, बैलगाडीची चाके पिवळ्या बल्बच्या उजेडात टांगलेली असतात. घरच्या फोटोतली समई आता त्या भिंतीवरच्या समईसारखी दिसू लागली आहे. विकत आणलेला जुनेपणा आणि जगलेला जुनेपणा यांतला फरक या उजेडाला दाखवता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. वस्तूला तिच्या संदर्भातून सोडवणे हेच तर कलेचे काम नाही काय? एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९३० च्या ऑगस्टमध्ये ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढले. त्यातली ‘पेपर नंबर ३०’ जगप्रसिद्ध आहे. त्याने ती मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या गोलाईवरून परतलेला मऊ उजेड मिरचीच्या सगळ्या वळणांवर पसरला, आणि मिरची पाठमोऱ्या देहासारखी दिसू लागली. काही मिनिटांचे एक्स्पोजर, एक पत्र्याचे नरसाळे, बाकी काही नाही. कल्पक प्रकाशयोजना म्हणून याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

पण वेस्टनचे यश आपल्या घागरीला जसेच्या तसे लागू होत नाही. मिरचीला पूर्वचरित्र नसते. बाजारातून आणलेली ती मिरची आकार म्हणूनच निवडली गेली होती. तिच्यातून आकाराखेरीज काही हरवण्यासारखे नव्हते. घागरीला पूर्वचरित्र असते. बुडाला पोचे असतात, काठावर दोराने पडलेली चाकोरी असते, कुणीतरी एकदा लावलेले डाग असतात, कुठे नाव असते. वस्तूला निव्वळ आकार बनवणारा उजेड मिरचीला देणगी देतो, घागरीकडून मात्र काढून घेतो.

अंधाराच्या बाजूनेही एक वकील उभा करता येतो : जपानी कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी. १९३३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने सावलीची बाजू मांडली आहे. लाखेची भांडी आणि त्यांवरचे सोनेरी नक्षीकाम विजेच्या झगझगाटात भडक वाटते; मिणमिणत्या ज्योतीत त्याच सोन्याला अर्थ येतो, कारण ते भांडे त्याच अंधारासाठी घडवलेले असते. आमचे काळ्या ओढणीचे फोटो तानिझाकीच्या जवळचे वाटतात, पण तसे ते नाहीत. त्याचा अंधार हा खोलीचा अंधार आहे. त्यात छत आहे, चटई आहे, जेवणारा माणूस आहे. ओढणीचा अंधार खोली पुसून टाकतो. एक अंधार वस्तूला राहायला जागा देतो, दुसरा तिला बेघर करतो.

४

दिव्यांच्या बाबतीत हा पेच सर्वांत तीव्र होतो. दिवा ही अशी वस्तू आहे की तिच्यावर उजेड पाडायचा, की तिच्यातून येऊ द्यायचा, हे फोटो काढणाऱ्याला ठरवावेच लागते.

पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी चष्म्यांचा व्यवसाय सांभाळत आयुष्यभर घरगुती वस्तू जमवल्या. अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली उपकरणे, वाद्ये आणि पुष्कळ दिवे. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केलेला हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे त्यांचे पुस्तक १९६१ साली केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने काढले. संग्रहालयातले दिवे काचेआड आहेत आणि साहजिकच विझलेले आहेत. त्यांवर बाहेरून पडणारा उजेड आपल्याला साखळी, मोर, हत्ती, वातीची जागा सगळे स्पष्ट दाखवतो. हा नोंदीचा उजेड आहे आणि त्याची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. लामणदिव्याचा घाट अभ्यासायचा तर तो असाच पाहिला पाहिजे. पण पेटल्यावर त्या मोराची सावली माजघराच्या भिंतीवर किती मोठी होत असेल, हे काचेआडचा दिवा सांगू शकत नाही.

नेमके उलटे टोक म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात ते आहे, आणि पुष्कळ प्रेक्षक ते राजा रविवर्म्याचे समजून पाहून जातात. साडीतली तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा केला आहे. चित्रकाराने यात केलेली निवड पाहण्यासारखी आहे. दिवा ही चित्रातली मुख्य वस्तू, पण तिचे तपशील त्याने जवळजवळ सोडून दिले. ज्योत दिसते ती बोटांच्या लाल कडांतून, चेहऱ्यावरच्या उजळण्यातून, साडीच्या घड्यांवर ती हळूहळू विरत जाते त्यातून. दिवा काय करतो हे दाखवून दिवा दाखवला आहे.

या चित्राची नक्कल पुढे किती झाली हे दिवाळी अंकांच्या वाचकाला सांगायला नको. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू करून मुखपृष्ठ ही स्वतंत्र कला केली, आणि हातात दिवा घेतलेली स्त्री हे आपले वार्षिक दृश्य झाले. आजच्या मोबाइलमधल्या फोटोंतही तेच येते : नवी साडी, हातात निरांजन, चेहऱ्यावर पिवळा उजेड. फरक एकच. या फोटोंत चेहऱ्यावरचा उजेड बहुधा निरांजनाचा नसतो, समोरच्या दुसऱ्या मोबाइलच्या बॅटरीचा किंवा खोलीतल्या ट्यूबचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. निरांजन छातीपाशी असेल तर हनुवटीखालचा भाग उजळ आणि कपाळ त्यामानाने काळोखे हवे. फोटोत उलटे असेल तर ज्योत निव्वळ दागिना आहे.

इथे यंत्राचाही एक हट्ट असतो. तेलाच्या ज्योतीचे वर्ण-तापमान सुमारे १,९०० केल्व्हिन, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५,५००. ज्योतीचा उजेड खराच तांबूस असतो. मोबाइल मात्र आपणहून रंग ‘दुरुस्त’ करू पाहतो आणि अंधार भरून काढतो. मग देवघरातली संध्याकाळ दुकानातल्या काउंटरसारखी दिसते. हे स्वयंचलित समायोजन बंद करून दिवसाच्या उजेडाची सेटिंग निवडली, एक्स्पोजर कमी केले, तर ज्योत ज्योतीसारखी राहते. हा तांत्रिक तपशील वाटतो, पण तो सौंदर्यदृष्टीचा निर्णय आहे. संध्याकाळ दुरुस्त करायची की ठेवायची, हे यंत्राने ठरवू नये.

५

आता वाचणाऱ्या उजेडाकडे येतो. मराठी घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची एक विशेषता अशी की ती लिहिलेली असतात. भांडे घेतले की दुकानदार ‘नाव काय घालायचं?’ असे विचारी, आणि छिन्नी-हातोडीने ठोकून टिंबाटिंबांचे अक्षर उमटवले जाई. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कुणाच्या स्मरणार्थ, कधी शके, कधी गाव. पुढे विजेवरचे यंत्र आले, अक्षर सलग आणि उथळ झाले. ही घरगुती शिलालेखांची परंपराच आहे, आणि ती घासून घासून पुसट होत चालली आहे.

समोरून फ्लॅश मारला की ही अक्षरे नाहीशी होतात. कारण साधे आहे. टिंब म्हणजे खड्डा. समोरून आलेला उजेड खड्ड्याच्या तळाला आणि भोवतीच्या पत्र्याला सारखाच लागतो, सावली पडत नाही, आणि वर पितळेची चकाकी सगळे पांढरे करून टाकते. उजेड कडेने, पत्र्याला जवळजवळ घासून गेला, तर प्रत्येक खड्ड्याची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते. अक्षर उठून दिसते. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. झिजलेली अक्षरे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावीत, हे शिलालेख वाचणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. तोच उजेड स्वयंपाकघरातल्या परातीला लागू पडतो.

देवनागरीपुरती यात एक खास गंमत आहे. छिन्नीने सलग कोरलेल्या रेषेला काटकोनात आलेला उजेड ती रेषा दाखवतो, रेषेच्या दिशेने आलेला उजेड ती लपवतो. म्हणून डावी-उजवीकडून उजेड दिला की काने आणि दंड उठतात, शिरोरेषा बुडते. वरून-खालून दिला की शिरोरेषा दिसते, काने पुसट होतात. एका फोटोत ‘र’ वाटलेले अक्षर दुसऱ्यात ‘रा’ निघते. तेव्हा कॅमेरा न हलवता चारही बाजूंनी उजेड देऊन निदान चार फोटो काढावेत. मोठ्या संस्था हेच काम ‘आरटीआय’ या तंत्राने करतात : कॅमेरा स्थिर, दिवा अनेक ठिकाणी, आणि संगणक त्या सगळ्या फोटोंतून पृष्ठभागाची चढ-उतार मांडतो. या तंत्राचा पाया २००१ च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी घातला. तत्त्व आपल्या बॅटरीचेच आहे.

बॅटरी किती लांब धरावी यालाही गणित आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. दीड फूट रुंदीच्या परातीच्या कडेपासून अर्ध्या फुटावर बॅटरी धरली, तर जवळच्या काठावर दूरच्या काठाच्या सोळापट उजेड पडतो. एक बाजू पांढरी, दुसरी काळी. तीच बॅटरी पाच फुटांवर नेली तर हा फरक पावणेदोन पटींच्याही आत येतो. तिरपा उजेड लांबून द्यावा, हा नियम असा निघतो.

या उजेडाने काय हाती लागते, ते मी आमच्याच घरात पाहिले. वडिलांच्या पिढीची वाटणी चालली होती. आजीच्या वापरातली तांब्याची घागर वाड्याची, म्हणजे घराण्याची, असे धरून ती इतर भांड्यांबरोबर ढिगात ठेवली होती. त्या ढिगाचा सामायिक फोटो काढून झाला होता; समोरून, फ्लॅशने, चोख. घागर स्वतंत्र पाहावी म्हणून मी ती दारालगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली आणि एका बाजूने उजेड सोडला. गळ्याखाली टिंबे उठली. बहिणीला बंधूकडून, असा मजकूर. पुढे आजीच्या माहेरच्या गावाचे नाव. ते गाव आता जुन्या जागी नाही. टेंभुर्णीपासून जवळच भीमेवर उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि अनेक जुनी गावठाणे पाण्याखाली गेली, त्यांतले ते एक. आत्या शेजारी उभी होती. ती एवढेच म्हणाली, “वाच बरं, परत एकदा वाच.”

घागर माहेरची होती, म्हणजे आजीची स्वतःची होती. स्त्रीधनाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली आहे. पण भांड्यांच्या ढिगात कायदा कुणी काढत नाही. तिथे कोण मोठ्याने बोलतो ते चालते. त्या दिवशी फोटो बोलला. घागर ढिगातून उचलून आत्याला दिली गेली. टॅल्बटने कल्पिलेला चोर इथे नव्हता, न्यायालयही नव्हते. तरी वस्तूच्या फोटोने साक्ष दिली. आणि ती साक्ष फ्लॅशच्या उजेडात मिळत नव्हती.

६

माझ्या म्हणण्याचा अर्थ सगळे फोटो पंचनाम्यासारखे काढावेत असा नाही. घराला स्वतःचा एक उजेड असतो, आणि त्याच्यात मोठी कल्पकता आधीच भरलेली असते. आमच्या भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांना छताला एक भोक ठेवलेले असे. त्याला साणे म्हणत. उजेड यावा, धूर जावा म्हणून. दुपारी त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरे आणि जमिनीवर सरकत जाई. त्या एका खांबात धूळ दिसे, धूर दिसे, जात्याची पाळू दिसे, बाकी खोली अंधारात. स्टुडिओत जो परिणाम साधायला वरून दिवा टांगतात तो घरात रोज फुकट घडत होता. स्लॅबची घरे आली आणि उजेड सगळीकडे सारखा झाला. हे घराच्या सोयीचे झाले, यात शंका नाही. पण वस्तूचा फोटो काढताना तो जुना उजेड आठवणे म्हणजे स्मरणरंजन नव्हे. जाते त्या उजेडात वापरले गेले, तर त्या उजेडात ते अधिक खरे दिसते.

स्लॅबच्या घरातही दार आहे, खिडकी आहे. जोसेफ सुदेक हा प्रागचा छायाचित्रकार. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. १९४० पासून पुढे कित्येक वर्षे तो आपल्या छोट्या स्टुडिओच्या एका खिडकीचे आणि तिच्या कट्ट्यावरच्या पाण्याच्या ग्लासाचे, अंड्याचे, पावाचे फोटो काढत राहिला. वस्तू अगदी मामुली, उजेड तिथलाच, काचेवर बाष्प. ते फोटो पाहताना ही खिडकी कुणाची आहे, याचा कधी संशय येत नाही. काळ्या ओढणीच्या फोटोंत जे हरवते ते सुदेककडे पूर्ण शाबूत आहे : वस्तूचा पत्ता.

पितळेच्या वस्तूत तर पत्ता आपोआप उमटतो. घासलेली घागर बहिर्गोल आरसाच असते. तिच्या पोटात खिडकीचे गज, भिंतीवरचे कॅलेंडर, दारातली सायकल आणि मोबाइल धरलेला माणूस बारीक होऊन दिसतात. छायाचित्रणाचे मार्गदर्शक हे प्रतिबिंब दोष मानतात आणि चारही बाजूंनी पांढरा कागद लावून ते घालवायला सांगतात. चकचकीत धातूवर उजेड टाकण्यापेक्षा त्याच्या भोवतालावर टाकावा, हा त्यांचा सल्ला तंत्र म्हणून बरोबर आहे. धुतलेले पांढरे धोतर खिडकीवर ताणले की चकाकीचा डंख जातो आणि घाट सुरेख दिसतो. पण सगळेच प्रतिबिंब पुसू नये. घागरीच्या पोटातली ती वाकडी खिडकी हा त्या फोटोतला सर्वांत प्रामाणिक भाग असतो. वस्तू कुठे आहे आणि तिच्याकडे कोण पाहत आहे, ही दोन्ही उत्तरे तीत असतात.

कापडाचे निराळे. इरकली लुगड्याचे काठ, पैठणीचा पदर यांचा पोत तिरप्या पण मऊ उजेडातच दिसतो. जर मात्र कोन बदलला की काळी किंवा सोनेरी होते, तेव्हा पदर किंचित हलवून पाहावा. आणि जुने रेशीम फोटोसाठी म्हणून तासभर उन्हात पसरू नये. संग्रहालये वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण उडालेला रंग परत येत नाही. धातूला उजेडाचे भय नाही, त्याला आपल्या घासण्याचे आहे. फोटोसाठी लखलखीत करताना जी अक्षरे आणि जो हिरवट-तांबूस थर जातो, तोही परत येत नाही. आधी फोटो, मग हवी तर चिंच.

७

या साऱ्यातून घरगुती वस्तूच्या छायाचित्राची काही कसोटी निघते का? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात.

पहिला : फोटोतला उजेड कुठून येतो हे कळते का? तो खिडकीचा असो, ज्योतीचा असो, बॅटरीचा असो. पण कुठून तरी आलेला हवा. जिथून कुठूनच येत नाही असा उजेड जाहिरातीचा असतो. दुसरा : वस्तूवरच्या वापराच्या खुणा उजेडाने पुढे आणल्या की झाकल्या? पोचा, डाग, दोराची चाकोरी, कल्हई उडालेली जागा ही त्या घरातल्या, बहुतेक बायकांच्या, कामाची नोंद आहे. ती नोंद दुसरीकडे कुठे लिहिलेली नाही. तिसरा : हा फोटो पाहून ही वस्तू कुणाची होती, हे सांगता येईल का? नाव दिसत असेल तर नावाने, नसेल तर खोलीने, खिडकीने, हातांनी.

या तिन्ही प्रश्नांना उतरणारा एकच फोटो मिळेल असे नाही. म्हणून एका वस्तूचे निदान तीन फोटो असावेत, असा माझा आग्रह आहे. एक दाराच्या सरळ, मऊ उजेडातला, बाजूला मोजपट्टी ठेवून. एक कडेच्या तिरप्या उजेडातला, अक्षरे आणि पोचे दाखवणारा. आणि एक वस्तू आपले काम करत असतानाचा. समई पेटलेली, घागर भरलेली, जाते फिरते. हौस म्हणून चौथा फोटो काळ्या ओढणीवर काढला तरी हरकत नाही. तो भिंतीवर लावायला चांगला दिसतो.

यंदाच्या दिवाळीत पुष्कळ घरांत माळ्यावरची भांडी खाली उतरतील. काही घासून पूजेला लागतील, काही या खेपेला परत वर जाणार नाहीत. जी जाणार नाहीत ती मोडीत देण्याआधी एकदा अंधाऱ्या कोपऱ्यात न्यावीत आणि बॅटरी लांबून, कडेने धरून, गळ्याखाली आणि काठाच्या आत काय लिहिले आहे ते वाचावे. तांब्याचा भाव वजनावर ठरतो. नाव वाचायला त्या भावात काही कमी होत नाही.